माळ्यावरचे ग्राफ आणि देगाचा कापूस

मला आलेलं एका मुलीचं पत्र असं आहे, थोडं आवरून देते:

"मॅडम, मी बावीस वर्षांची. यंदा इतिहास घेऊन बी.ए. झाले. आमचं घर सोलापुरात पूर्व भागात. घरात तेलुगू, शाळा मराठी. वडील चादरीच्या कारखान्यात जेकॉर्ड मागावर आहेत, आजोबा चौकोनी कागदावर डिझाइनचे ग्राफ काढायचे. मला कलेच्या इतिहासात एम.ए. करायचंय, त्यातही आधुनिक आणि समकालीन कलेत. सांगितलं की लोक हसतात, 'चित्रं बघायची पण डिग्री असते का?' मला स्वतःला चित्र काढता येत नाही. वाचायला घेतलं तर सगळं इंग्रजी, आणि एकामागून एक नुसते इझम, इम्प्रेशनिझम, क्यूबिझम असले. पाठ होतात, कळत नाहीत. सोलापुरात बघायला काहीच नाही. वडील म्हणतात बी.एड. कर. आई म्हणते, आजोबांच्या ग्राफांनी माळा आधीच भरलाय, दसऱ्याच्या साफसफाईत ते रद्दीत घालायचेत, त्यात तुझी पुस्तकं कुठं ठेवू? मी हट्ट करतेय का? आणि करायचंच तर सुरुवात कुठून करू?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आईच्या वाक्यापाशी थांबले. त्याकडे शेवटी येते, पण ते विसरू नकोस.

चित्र काढता येत नाही, ही अडचण आधी मिटवू. मलाही येत नाही. एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली होती आणि इंटरमीजिएटला मी बसलेच नाही. तरी कलेचा इतिहास शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. या विषयाला हात लागत नाही, डोळे लागतात आणि चौकशी करायची खोड लागते. तुझ्या पत्रावरून ती खोड तुला आहे असं दिसतं.

आता इझम. मीही तशीच शिकले. झेरॉक्सच्या नोट्स, त्यात पिकासोही काळा आणि मातीसही काळा. कुठल्या इझमनंतर कुठला आला हे पाढ्यासारखं म्हणायचं, जणू एक चित्रकार झोपेतून उठला आणि म्हणाला, आजपासून वस्तूंचे तुकडे करून रंगवू. परीक्षेला मार्क चांगले पडले. कळलं काहीच नाही. ते कळायला लागलं एका चित्रावरून, आणि गंमत म्हणजे त्या चित्रात कापूस होता. तू सूत बघत वाढलीस, म्हणून तेच चित्र तुला सांगते.

एदगार देगा हा पॅरिसचा चित्रकार, बॅले नाचणाऱ्या मुलींच्या चित्रांसाठी सगळ्यांना माहीत असलेला. त्याचं आजोळ अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सला. १८७२ च्या शेवटी तो तिकडे गेला, काही महिने राहिला आणि १८७३ मध्ये त्यानं मामाच्या कापसाच्या पेढीचं चित्र काढलं. मोबाइलवर शोध आणि मोठं करून बघ. एक लांबट खोली. काळे कोट, काळ्या टोप्या घातलेले पुरुष. देगाचा एक भाऊ खुर्चीत पेपर वाचतोय, दुसरा खिडकीला टेकून उभा आहे. उजवीकडे कारकून वह्यांवर वाकलेला. मधोमध टेबलावर पांढराशुभ्र कापूस, सांडलेल्या ढगासारखा. आणि अगदी पुढे बसलेला म्हातारा मामा बोटांत कापूस ओढून त्याचा धागा किती लांब निघतो ते बघतोय. वडिलांना हे चित्र दाखव. तो माणूस काय करतोय हे तुला सांगावं लागलं असतं, त्यांना सांगावं लागणार नाही.

इझमच्या पुस्तकात या चित्राबद्दल एवढंच येतं की हे इम्प्रेशनिस्टांच्या १८७६ च्या प्रदर्शनात होतं. आता आपण चौकशा करू. हा कापूस वेचला कुणी? चित्राच्या काही वर्षं आधीपर्यंत तिथली शेती गुलामांच्या अंगावर चालायची. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धानंतर गुलामी कायद्यानं संपली, पण कापूस वेचणारे हात बहुतांश तेच राहिले. चित्रात त्यांतला एकही माणूस नाही. खोलीत माल आहे, मालक आहेत, कारकून आहेत. हे गाळणं देगानं मुद्दाम केलं की त्याला ते दिसलंच नाही, यावर तू एम.ए. ला वीस पानं लिहू शकतेस. चित्र विकायचं कुणाला? मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाला विकावं असं त्याच्या मनात होतं. ते जमलं नाही. शेवटी १८७८ मध्ये फ्रान्समधल्या पो या गावच्या संग्रहालयानं ते घेतलं. देगाचं संग्रहालयात गेलेलं हे पहिलं चित्र.

आता पुढचा धागा. त्या युद्धात अमेरिकेची दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली. मँचेस्टर भागातल्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या बंदरातून आपला कापूस भरभरून जाऊ लागला. भाव आभाळाला टेकले, मुंबईत पैसा उतू गेला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळा फुगा फुटला. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरपर्यंत आली होती १८६० मध्ये. देगा ज्या दशकात ती पेढी रंगवत होता, त्याच दशकात आपल्याकडे जुनी मिल ही कापडगिरणी उभी राहिली. देगामुळे मिल आली असं मी म्हणत नाही, कुणाला तसं सांगूही नकोस. पण पॅरिसचं चित्र आणि सोलापूरचं धुराडं एकाच व्यापाराच्या जाळ्यात बसतात. कलेचा इतिहास 'व्यापक संदर्भात' शिकणं म्हणतात ते हेच. चित्राच्या चौकटीबाहेर कोण उभं आहे, पैसा कुणाचा, माल कुठला, भिंत कुणाची, हे विचारत जायचं. असं विचारलं की इझम आपोआप जागेवर बसतात आणि पाठ करावे लागत नाहीत.

इथं एक धोका मात्र आहे, आणि हुशार विद्यार्थीच त्यात पडतात. संदर्भाचा नाद लागला की चित्र बघायचं राहून जातं. माझा एक विद्यार्थी देगावर तासभर बोलला: गुलामी, भांडवल, बंदरं. शेवटी मी विचारलं, चित्रात सगळ्यात उजळ जागा कुठली? त्याला सांगता येईना. म्हणून नियम लावून घे. आधी पंधरा मिनिटं नुसतं बघायचं, काय दिसतं ते मराठीत किंवा तेलुगूत लिहून काढायचं. सांडलेल्या ढगासारखा कापूस, असं तुझं स्वतःचं काहीतरी. पुस्तक त्यानंतर उघडायचं.

"सोलापुरात बघायला काहीच नाही" हे तू लिहिलंस, तिथं मला थोडा राग आला. चार पुतळ्यापाशी तू किती वेळा रिक्षा बदलली असशील? मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. हे तुला माहीतच आहे, तुझा विषय इतिहास. पण पुतळ्याकडे पुतळा म्हणून कधी बघितलंस? कुणी घडवला, वर्गणी कुणाची, चेहरा कशावरून घेतला, अंगावरचे कपडे कुणी ठरवले, तोंड कुठल्या रस्त्याकडे आणि का? आधुनिक काळातली सगळ्यात जास्त बघितली गेलेली शिल्पं चौकातच असतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं मात्र फार कमी सापडतं. महापालिकेच्या इंद्रभुवनाच्या भिंतींवरचं नक्षीकामही असंच. दाखल्यासाठी रांगेत उभे असतो तेव्हा मान वर करायला काय हरकत आहे?

आणि चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्याच जिल्ह्यातले की. जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. लोकांना त्यांचे घोडे माहीत असतात, नाहीतर वाद माहीत असतात. मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एवढ्या मोठ्या फळ्यावर, एवढ्या घाईत, लांबून वाचता येईल अशी रेघ मारायची. ती रेघ पुढं त्यांच्या कॅनव्हासवर दिसते की नाही, तूच बघ. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझांना मुंबईच्या जे.जे. या कलाशाळेतून काढून टाकलेलं. आरांनी घरकाम केलेलं, मोटारी धुतलेल्या. त्यांना धीर देणारे, चित्रं विकत घेणारे, पेपरात लिहिणारे होते लांगहामर, फॉन लायडन आणि श्लेसिंगर, म्हणजे हिटलरमुळे युरोप सोडून मुंबईत आलेली माणसं. एका बाजूला फाळणी, दुसऱ्या बाजूला व्हिएन्नाहून आलेले निर्वासित, मधे गिरगाव आणि काळा घोडा. हे सगळं बाजूला काढून "सहा प्रतिभावंत एकत्र आले" एवढंच शिकवलं की गोष्ट सपाट होते.

आता मागाकडे येऊ. इथं तुझ्याकडे जे आहे ते माझ्याकडे कधीच नव्हतं.

जेकॉर्डची कार्डं तू लहानपणापासून बघतेस. भोक असेल तिथं हूक उचलला जातो, ताण्याचा उभा धागा वर येतो, बाण्याचा आडवा धागा नेणारा धोटा खालून जातो. हे यंत्र फ्रान्समधल्या लियाँचं, १८०४ चं. १८३९ मध्ये ते बनवणाऱ्या खुद्द जेकॉर्डचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. बघणाऱ्यांना ते छापील चित्र वाटायचं. गणकयंत्राचा विचार करणाऱ्या चार्ल्स बॅबेजकडं त्याची एक प्रत होती. आपल्याकडं नेत्यांचे नि देवांचे चेहरे विणलेले वॉल हँगिंग निघतात ना, त्याच घराण्यातलं ते. तुझ्या आजोबांच्या ग्राफवरचा प्रत्येक चौकोन म्हणजे ताणा वर की बाणा वर एवढाच निर्णय. मोबाइलच्या पडद्यावरचं चित्र तरी वेगळं काय असतं?

जर्मनीत १९१९ मध्ये बाउहाउस नावाची शाळा निघाली. वास्तुकला, खुर्च्या, दिवे, अक्षरं, सगळं नव्यानं घडवायचं म्हणून. मुलामुलींना सारखाच प्रवेश, असं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात मुली आल्या की त्यांना विणकामाच्या विभागात पाठवायचे. आपल्याकडं उलटं, माग पुरुषाचा आणि कांड्या भरायच्या बाईनं. दोन्हीकडं बाईनं काय करायचं ते आधीच ठरलेलं. त्या विणकाम विभागातून गुंटा ष्टोल्त्सल आणि अ‍ॅनी आल्बर्स अशा बायका पुढं आल्या. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली शाळा बंद पडली, आल्बर्स अमेरिकेला गेल्या, आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. विणकराला असा मान तिथं पहिल्यांदाच मिळाला. आणि याच बाउहाउसच्या चित्रकारांचं काम १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात दाखवलं गेलं होतं, शाळा निघून जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हा. म्हणजे आधुनिक कला तिकडं झाली आणि आपल्याकडं उशिरा पोचली, हे जे आपल्याला सांगितलं जातं, ते तितकंसं खरं नाही.

आणखी जवळचं उदाहरण देते. स्वातंत्र्यानंतर सरकारनं विणकर सेवा केंद्रं काढली. हातमागाला नवी डिझाइनं मिळावीत म्हणून तिथं चित्रकारांना नोकऱ्या दिल्या. या कामामागे पुपुल जयकर होत्या. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ हातमाग मंडळावर होते. प्रभाकर बरवे १९६१ पासून वीसेक वर्षं या केंद्रांत काम करत होते, आधी बनारसला, मग मुंबईला. बरव्यांची चित्रं बघ. रिकाम्या सपाट जागेत एक पान, एक घड्याळ, एक आकार, सगळं मोजून ठेवल्यासारखं. ही मोकळी जागा ठेवायची शिस्त त्यांना कापडानं शिकवली का? मला तशी शंका येते. सिद्ध करायला मात्र मागाची भाषा येणारं कुणीतरी हवं. इंग्रजी पुस्तकं लिहिणाऱ्या बहुतेकांना धोटा म्हणजे काय ते पुस्तकातूनच शोधावं लागतं.

इंग्रजीची भीती बाळगू नकोस, पण ती टाळताही येणार नाही. रोज दोन पानं वाच आणि समासात मराठीत लिही. मराठी विश्वकोशातल्या कलाविषयक नोंदी ऑनलाइन फुकट आहेत, सुरुवातीला त्या पुरतात. मॅप अकॅडमीचा भारतीय कलेचा कोश आणि हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हमधली बडोद्याची जुनी कागदपत्रंही फुकट बघता येतात. कॅटलॉग, पत्रं, निमंत्रणपत्रिका, असला ऐवज बघायला मिळतो तिथं. मला तर पुस्तकांपेक्षा त्यातच जास्त मजा येते.

आणि एकदा मुंबईला जा. रात्रीची सिद्धेश्वर पकड, सकाळी सीएसएमटीला उतर. उतरशील तिथंच थांब आणि वर बघ. ते जीआयपी रेल्वेचं मुख्यालय, सोलापूरला आलेल्या त्याच कंपनीचं. त्याच्या दगडातली पानं, प्राणी, चेहरे यांच्या कामात जे.जे. च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. जे.जे. तिथून चालत थोड्या अंतरावर. १८५७ ची शाळा, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून निघालेली, आणि त्यांची संपत्ती चीनशी केलेल्या अफू आणि कापसाच्या व्यापारातली. बघ, परत कापूस. मग जहांगीर आर्ट गॅलरी, तिथं पैसे पडत नाहीत. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सोमवार सोडून जा. वेळ उरला तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, उघडं आहे ना ते आधी बघून. १८७२ ची इमारत, आत कारागिरांच्या नि वेगवेगळ्या समाजांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती. त्याच वास्तूत आजचे चित्रकारही आपली कामं मांडत आलेत. आधुनिक म्हणजे काय नि समकालीन म्हणजे काय हे मी तुला व्याख्येत सांगण्यापेक्षा तिथं ते एकमेकांशेजारी दिसेल. डबा घरून ने, काळ्या घोड्याला चहासुद्धा परवडत नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात कलेच्या इतिहासाचा जुना आणि भक्कम विभाग आहे. दिल्लीत जेएनयूमध्ये कुठल्याही विषयाचा पदवीधर अर्ज करू शकतो. शांतिनिकेतनचं कलाभवनही आहे. प्रवेश परीक्षा, जागा, फी हे दरवर्षी त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर बघायचं, ऐकीव माहितीवर जायचं नाही. पोटाचं विचारशील तर खोटं सांगणार नाही. पगाराच्या जागा थोड्या आहेत: संग्रहालयं, गॅलऱ्या, लिलावघरं, संग्रहांची नोंदणी, आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास झालीस तर दृश्यकला विषयात शिकवणं. पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातात. म्हणून वडील बी.एड. म्हणतात तेव्हा ते तुझे वैरी नाहीत. चादरीच्या धंद्यात महिन्याच्या हिशोबाची धडकी काय असते ते त्यांना माहीत आहे. त्यांच्याशी भांडू नकोस, एक वर्ष माग. त्या वर्षात शिकवण्या घे, थोडे पैसे साठव, प्रवेश परीक्षेची तयारी कर आणि एक काम पुरं करून दाखव. वर्षाच्या शेवटी काहीच हाताशी नसेल तर बी.एड. ला जा, त्यातही कमीपणा नाही. मला एका कॉलेजात "इतिहास शिकवायचा तर शिवाजी महाराज शिकवा, ही चित्रं कशाला" असं सुनावलं होतं. शाळेतल्या पोरांना चौकातला पुतळा बघायला शिकवणारी बाई कुठंतरी हवीच आहे.

ते एक काम कुठलं, हे तुझ्या आईनं सांगितलंय.

देगाच्या चित्रावर देगाची सही आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे चादरीवर गावाचं नाव आलं. पण मोर, कमळ, चौकड्या, वेलबुट्टी ज्यांनी चौकोनाचौकोनानं भरली, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत? मी शोधली, मला एक हातभर यादीसुद्धा करता आली नाही. तुझ्या माळ्यावर एका माणसाचं आयुष्यभराचं काम पडलेलं आहे.

तेव्हा दसऱ्याच्या आधी वर चढ. सगळं एकदम खाली ओढू नकोस, ज्या क्रमानं रचलंय तो क्रम आधी फोटोत घे. गठ्ठ्यांना आकडे दे. प्रत्येक ग्राफ खिडकीच्या उजेडात, ऊन थेट न पडता, शेजारी पट्टी ठेवून पुढून आणि मागून काढ. मागची बाजू चुकवू नकोस. ऑर्डर कुणाची, सूत कुठलं, किती कार्डं, कधीकधी किराणा मालाचा हिशोब, सगळं तिथंच लिहिलेलं असतं. फाटलं असेल तिथं सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. लिहायचं झालं तर कोपऱ्यात मऊ पेन्सिलनं. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेव. मग वडिलांना घेऊन बस आणि विचार, यातलं कुठलं मागावर चढलं, कुठलं चढलं नाही, आणि का. ते तेलुगूत बोलतील तर तेलुगूतच रेकॉर्ड कर. शेजारच्या घरांत आजोबांच्या वयाचं कुणी असेल तर आधी त्यांच्याकडे जा, त्यांना वेळ कमी आहे.

आईला माझा निरोप सांग: पुस्तकांना जागा मी देते, माझ्याकडे एक रिकामं कपाट आहे. ग्राफ मात्र रद्दीवाल्याला द्यायचे नाहीत. आणि पहिल्या गठ्ठ्याचे फोटो झाले की मला पाठव. मोराचं एखादं डिझाइन असेल तर ते आधी.